धातू कामाला लागल्यावर

विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे म्हटलं की सगळ्यांचं लक्ष हायड्रोजनकडे जातं. इंधन तेच ना! पण गाडी अडते ती दुसऱ्या टोकाला, जिथे ऑक्सिजन सुटतो त्या धनाग्रावर. आज मी त्या टोकाबद्दलच बोलणार आहे.

1800 साली निकोलसन आणि कार्लाइल यांनी बॅटरीच्या तारा पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, तेव्हापासूनचा हा हिशेब आहे. कागदावर 25 अंश सेल्सिअसला 1.23 व्होल्ट पुरायला हवेत. चालत्या सेलला मात्र 1.8 ते 2 व्होल्ट लागतात. वरचं थोडं द्रावणाच्या आणि दोन टोकांमधल्या पडद्याच्या रोधात जातं, पण मोठा वाटा ऑक्सिजनच खातो.

कारण हायड्रोजनचा रेणू दोन इलेक्ट्रॉनांत जुळतो. ऑक्सिजनसाठी पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढावे लागतात, तेही एकामागून एक. उत्प्रेरकाच्या, म्हणजे ही क्रिया सोपी करणाऱ्या पदार्थाच्या, पृष्ठभागावर आधी ओएच (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) बसतो, मग नुसता ओ उरतो, त्याचा ओओएच (दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन) होतो आणि मग कुठे ऑक्सिजनचा रेणू सुटतो. पकड सैल असेल तर पहिला पाहुणा टेकतच नाही. घट्ट असेल तर उठत नाही. मधली पकड शोधा, एवढंच असतं तर काम सोपं होतं. मेख अशी की ओएच आणि ओओएच दोघेही ऑक्सिजनच्याच टोकाने धातूला धरतात. एकाची पकड आवळली की दुसऱ्याचीही आवळते. दोघांच्या ऊर्जेतलं अंतर 1.23 च्या दुप्पट, म्हणजे 2.46 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) असावं, तर बहुतेक ऑक्साइडांवर ते 3.2 च्या आसपास अडकून बसतं. उरलेला फरक दोन पायऱ्यांत वाटला तर साधारण 0.37 व्होल्टचा भुर्दंड. हे गणित ढोबळ आहे, काही मिश्र ऑक्साइडं त्याच्या खाली उतरतात. पण नुसता धातू बदलून फारसं साधत नाही, हे त्यातून दिसतं.

मग साधतं कशाने? इथे मला लोहाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अल्कधर्मी द्रावणात निकेल चांगलं चालतं, असा अनेक वर्षांचा अनुभव होता. निकेलचं हायड्रॉक्साइड द्रावणात मुरलं की आणखी चांगलं चालतं. मुरल्यावर त्याची रचना सुधारते, असं स्पष्टीकरणही तयार होतं. 1987 मध्ये कॉरिगन या संशोधकांनी दाखवलं की लोहाचा अगदी अल्प अंशही निकेलचं काम कमालीचं वाढवतो. 2014 मध्ये बोएचर यांच्या संशोधन गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कधर्मी द्रावणातलं लोह पार काढून टाकलं आणि तोच प्रयोग केला. शुद्ध निकेल अगदीच मंद निघालं! मुरताना जे घडत होतं ते रचनेचं नव्हतं. द्रावणातलं भेसळीचं लोह निकेलमध्ये शिरत होतं. निकेल इतकी वर्षं आयत्या बिळावरचा नागोबा होता, म्हणा ना. गंमत म्हणजे लोह काढायलाही त्यांनी निकेलचं हायड्रॉक्साइडच वापरलं, कारण लोह शोषून घेण्याची त्याची खोड आता कळली होती.

माझं म्हणणं ते हेच. आपण बाटलीतून काढून ठेवतो तो उत्प्रेरक आणि विद्युतप्रवाह सुरू झाल्यावर काम करतो तो, हे बरेचदा वेगळे असतात. सल्फाइडं, फॉस्फाइडं मोठ्या कौतुकाने बनवली जातात. धनाग्रावर त्यांचा पृष्ठभाग बघता बघता ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होतो. त्यामुळे ‘कोणता धातू सर्वांत चांगला’ यापेक्षा ‘काम करताना त्याचं काय होतं’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

द्रावण अल्कधर्मी नसून आम्ल असेल, तर तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. तिथे निकेल, लोह, कोबाल्ट विरघळून जातात. रुथेनियम चपळ, पण टिकत नाही. इरिडियम टिकतं, पण ते प्लॅटिनमच्या खाणकामातून जोडीला निघतं आणि जगभरात वर्षाला मोजके टनच मिळतं. म्हणून इरिडियमचा थर पातळ करण्यावर इतका भर आहे.

दुसरी वाट दुरुस्तीची. 2008 मध्ये कानन आणि नोसेरा या रसायनशास्त्रज्ञांनी फॉस्फेटच्या द्रावणात कोबाल्टचा असा थर बसवला, की विरघळलेलं कोबाल्ट प्रवाह चालू असताना पुन्हा त्यावर येऊन बसतं. वनस्पती तर याही पुढे आहेत. त्यांच्याकडे मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला छोटा गुच्छ हेच काम करतो, आणि त्याला धरून ठेवणारं प्रथिन कडक उन्हात सुमारे अर्ध्या तासात बदललं जातं. टिकाऊ बनवायच्या फंदात निसर्ग पडलाच नाही.

प्रयोगशाळेत हे करून पाहणाऱ्यांना एकच सांगतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण काचेच्या भांड्यात ठेवू नका, प्लॅस्टिकचं घ्या. अल्क काच खातो आणि काचेतूनही लोह उतरतं. मग तुमचं निकेल फुकटच हुशार दिसेल.