मंच कुणाचा?

(दृश्य : रात्रीचं बेळगाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची लांबच लांब रांग. ढोल-ताशा.)

शिवजयंतीच्या चित्ररथांची ही मिरवणूक. एकदा निघाली की पहाटेपर्यंत चालते. ट्रॉलीवर आठवी-नववीतली पोरं मावळे झाली आहेत. खेड्यांतून आलेली माणसं बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून देखावे बघतात, शेंगा फोडतात. कुणाच्या मांडीवर मूल झोपलेलं असतं. कडेला काठ्या घेऊन पोलीस उभे.

ही करमणूक आहे, यात शंका नाही. पण भगवा झेंडा आहे, मराठीतल्या घोषणा आहेत आणि त्या ज्या राज्यात दिल्या जातात ते कर्नाटक आहे. हे बघत लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना रंजन कुठं संपतं आणि राजकारण कुठं सुरू होतं, ते आजही सांगता येत नाही.

सध्या जगभर एक तक्रार ऐकू येते. मालिका असो, सिनेमा असो, विनोदाचा कार्यक्रम असो, सगळीकडे राजकारण आलं आहे.

(दृश्य : कीव्ह, रोम, न्यूयॉर्क. जुनी क्षणचित्रं.)

युक्रेनमध्ये 2015 साली एक विनोदी मालिका सुरू झाली. इतिहास शिकवणारा एक साधा मास्तर अचानक देशाचा राष्ट्राध्यक्ष होतो, अशी गोष्ट. तो मास्तर साकारणारे वोलोदिमिर झेलेन्स्की 2019 मध्ये 73 टक्के मतं मिळवून खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षाचं नावही मालिकेचंच. इटलीत सिल्विओ बर्लुस्कोनी आधी टीव्ही वाहिन्यांचे मालक झाले आणि 1994 मध्ये पंतप्रधान. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प 2004 पासून एका रिॲलिटी शोमध्ये उमेदवारांना नोकरीवरून काढताना घराघरांत पोचले. आपल्या दक्षिणेला यात नवं काही वाटणार नाही. एन. टी. रामाराव यांनी 1982 मध्ये पक्ष काढला आणि वर्षाच्या आत ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले.

कर्नाटकात डॉ. राजकुमार यांची गोष्ट वेगळी. ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पण 1982 मध्ये गोकाक चळवळीचं नेतृत्व त्यांनी हाती घेतलं आणि सरकारला कन्नडबाबतचं धोरण बदलावं लागलं. हे नाव आपल्या जिल्ह्यातल्या गोकाक गावाचं नव्हे. शाळांत कन्नड पहिली भाषा करा, असं सांगणाऱ्या विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीच्या अहवालावरून ते आलं. कन्नड घरांना त्या चळवळीनं उभारी दिली. मराठी घरांना मुलांच्या शाळेची काळजी लागली. 1986 मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभाग रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. आणि तरीही राजकुमारांची गाणी गुणगुणणाऱ्या मराठी बायका मी आमच्याच गल्लीत पाहिल्या आहेत. त्या गाण्यांवर त्यांचं प्रेम होतं. ते प्रेम खरं होतं आणि ती काळजीही खरी होती.

(दृश्य : टिळकवाडी. काँग्रेस विहीर.)

इथं जरा थांबूया. या विहिरीजवळ डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते महात्मा गांधी. ते अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्या इथं गायल्या. हुयिलगोळ नारायणराव यांनी कन्नड एकीकरणासाठी लिहिलेलं गीतही याच अधिवेशनात गायलं गेलं. कन्नड भाषक प्रदेश तेव्हा अनेक तुकड्यांत विभागलेला होता. तो एक व्हावा, ही इच्छा सुरांतून बोलली गेली ती बेळगावात.

आणि बावीस वर्षांनी, 12 मे 1946 रोजी, याच गावात मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. कथा-कवितांसाठी जमलेल्या मांडवातून एका राज्याची मागणी बाहेर पडली.

म्हणजे दोन्ही भाषांची मोठी स्वप्नं याच मातीत, गाण्याच्या आणि साहित्याच्या मंचावर बोलून दाखवली गेली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. अण्णाभाऊ साठे यांनी मुंबईत राहणाऱ्या कष्टकऱ्याचा विरह गाताना ‘माझी मैना’ या छक्कडीत बेळगावचं दुःखही ओवलं. आमच्या आधीच्या पिढीला सीमाप्रश्न कळला तो कोर्टाच्या कागदांतून कळला नाही. तो डफावर कळला.

म्हणून रंजनात राजकारण आलं, या तक्रारीत मला फारसं तथ्य दिसत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. काय दाखवायचं, काय गायचं, हे ठरवतं कोण?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलं. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. शंभर वर्षांनंतर दक्षिण कोरियात पार्क ग्युन-हे यांच्या सरकारनं नऊ हजारांहून अधिक कलावंतांची काळी यादी ठेवली होती. इजिप्तमध्ये बासेम युसेफ हे हृदयाचे शल्यविशारद टीव्हीवर राज्यकर्त्यांची थट्टा करत. 2014 मध्ये त्यांचा कार्यक्रम बंद पडला. कधी हे काम सरकार करतं, कधी जमाव. आपल्याकडे भाषेच्या वादावरून परभाषेतल्या सिनेमांचं प्रदर्शन अडलेलं आपण पाहिलं आहे. 2025 मध्ये कन्नड भाषेबद्दलच्या एका विधानावरून कमल हासन यांचा चित्रपट कर्नाटकात लागू शकला नाही.

(दृश्य : बसस्टँड. मोबाईलवर झुकलेल्या माना.)

आता मंच खिशात आला आहे. निवडणूक आली की एकाच उमेदवाराचं एक गाणं मराठीत येतं, एक कन्नडमध्ये. चाल एकच. रील तीस सेकंदांची. ती कुणी बनवली, पैसे कुणी दिले, कळत नाही. शाहीर डफ घेऊन समोर उभा राहायचा. भलतंच काही गायला तर माणसं तिथल्या तिथं उठून विचारायची आणि त्याला उत्तर द्यावं लागायचं. त्याचं नाव, गाव, घर सगळ्यांना माहीत असायचं. रीलला घर नाही. याच वाटेनं दोन शेजाऱ्यांत एका रात्रीत भांडण लावता येतं, आणि सकाळी जाब विचारायला कुणाचा दरवाजा ठोठवायचा, ते कळत नाही.

(दृश्य : खानापूरकडचं एक गाव. देवळासमोर यात्रेच्या नाटकाची तालीम.)

या देवळासमोर मी मावळ्याचं काम केलं आहे. नाटक ऐतिहासिक होतं. परवानगीसाठी एका कार्यालयात गेलो, तर संहितेची प्रत मागितली. ती वाचली आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘आपली माती, आपली बोली’ एवढंच काहीतरी होतं त्यात. ते काढा, मगच सही, असं सांगितलं. आम्ही वाक्य खोडून दिलं. घरी परतताना बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

यात्रेच्या रात्री ती जागा आली तेव्हा राजाचं काम करणारा आमचा सोबती बोलायचा थांबला. पेटीवाल्या काकांचा हातही थांबला. गावानं महिनाभर तालमी पाहिल्या होत्या, वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या रांगेत बायका बसल्या होत्या. आधी त्यांचे ओठ हलले, मग मागून पोरांचा आवाज आला.

(दृश्य : तालीम पुढं चालू. पेटीचा सूर.)