निखाऱ्यांच्या आधी

[तळी. दुपार.]

शिरगाव. गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं हे छोटंसं गाव. आज वैशाख शुद्ध पंचमी, देवी लईराईची जत्रा. ऊन माथ्यावर आलंय आणि तळीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. ओली धोतरं, उघडे खांदे, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. हे धोंड. लईराईचे व्रतस्थ भक्त.

जत्रेचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे होमकुंड येतं, त्याच्या निखाऱ्यांवरून चालणारे धोंड येतात. ते पहाटे. त्याआधीचं फारसं कुणी बघत नाही, म्हणून आम्ही आधीच आलो.

[मांडव. चूल.]

धोंडाचं व्रत जत्रेच्या कितीतरी आधी सुरू होतं. मासळी बंद. घरचं रांधलेलंसुद्धा चालत नाही. गावोगावचे धोंड मांडव घालून एकत्र राहतात, स्वतः चूल पेटवतात, स्वतः रांधतात. आंघोळीशिवाय चुलीला हात नाही. व्रताबाहेरच्या माणसाचा स्पर्श झाला, की पुन्हा आंघोळ. यात सावंतवाडी-दोडामार्गाकडून आलेले आहेत, बेळगावचेही आहेत. बापाच्या शेजारी बसलेला हा पोरगाही धोंडच.

[बेत. हात.]

हे हात बघा. वेताच्या काठीवर लोकरीचा एकेक रंग चढतोय. लाल, पिवळा, हिरवा. मध्ये कुठे फट दिसली की आजोबा सगळा वेढा उलगडतात आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळतात. घाई नाही. या काठीला बेत म्हणतात. थोड्या वेळाने हेच बेत एकमेकांवर आपटत, ढोलाच्या तालावर धोंड नाचतील.

[मोगरा.]

आणि हा मोगरा. लईराईचं फूल. लोक सांगतात, देवी सात बहिणींतली एक, भाऊ खेतोबा. रागाच्या भरात तिने भावाला लाथ मारली, मग पस्तावली, आणि प्रायश्चित्त म्हणून निखाऱ्यांवरून चालली. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरीमाता, हीही तिची बहीणच. चर्चमधून देवळाला तेल येतं, देवळातून चर्चला मोगरा जातो. हे नातं कुणी कागदावर लिहून ठरवलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या दोन्हीकडची माणसं ते पाळत आली आहेत.

[पुन्हा तळी.]

पाणी नीट बघा. धोंडाचं व्रत पाण्यावाचून होत नाही. शिरगावच्या भोवती लोहखनिजाच्या खाणी खोल खोल गेल्या, तशा गावच्या विहिरी आणि झरे आटले. ज्या गावात दरवर्षी हजारो माणसं आंघोळीला येतात, त्या गावाने टँकरची वाट बघितली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी थांबल्या. खड्डे तसेच राहिले.

[रात्र. होमकुंड.]

लाकडं उंच रचलेली. ती पेटली की काही वेळ ज्वाळेपलीकडचं काही दिसतच नाही. मग रात्रभर ती ओसरत जाते. खाली उरतो तो निखारा.

२०२५ मध्ये, ३ मेच्या पहाटे, याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाली.

[पहाट.]

आता इथे बोलायचं काही नाही.

[निवेदन थांबते. धोंड निखाऱ्यांवरून जातात. फक्त मूळ आवाज.]

[उजाडते. वड.]

गळ्यातल्या माळा आता वडावर. फुलं रात्रीत कोमेजली आहेत, कडेने तपकिरी झाली आहेत, वास मात्र अजून येतोय. पुढचे काही दिवस देवीचा कळस, म्हणजे तिचा पवित्र कलश, घरोघर फिरेल, कौल देईल. काल लोकर गुंडाळणारे आजोबा बेत खांद्याला लावून रस्त्याला लागले. पोटऱ्यांवर राख आहे. ती त्यांनी पुसलेली नाही.