लिंकर ज्या फाइलकडे बोट दाखवतो, त्या फाइलमध्ये चूक नसते तेव्हा

आजचे बोलणे एकाच त्रुटीसंदेशाभोवती फिरणार आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सगळ्या सी फायली बिनतक्रार कंपाइल होतात आणि अगदी शेवटी, मुख्य प्रतिमा (कर्नलची अंतिम फाइल) जोडताना, लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम, कळवतो की नेटवर्क ड्रायव्हरने बोलावलेले ‘पीटीपी_क्लॉक_रजिस्टर’ हे फंक्शन त्याला सापडत नाही. ड्रायव्हर लिहिणारा आपली फाइल उघडतो, हेडर पाहतो, स्पेलिंग ताडून पाहतो. सगळे जागच्या जागी असते. चूक केकॉन्फिगमधल्या, म्हणजे कर्नलचे कोणते भाग बांधायचे ते ठरवणाऱ्या फायलींमधल्या, एका ओळीत असते, किंवा बहुतेक वेळा तिथे लिहायच्या राहून गेलेल्या ओळीत.

घडलेले असते ते असे, की ड्रायव्हर ‘वाय’ आहे, म्हणजे प्रतिमेतच बसवलेला, आणि पीटीपी घड्याळाचा (पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून यंत्रांची घड्याळे अचूक जुळवणारा प्रोटोकॉल) गाभा ‘एम’ आहे, म्हणजे मॉड्यूल, नंतर चढवता येणारा वेगळा तुकडा. मॉड्यूलला कर्नलमधले निर्यात केलेले फंक्शन बोलावता येते, कारण मॉड्यूल चढते तेव्हा कर्नल मेमरीत हजर असतो. उलट दिशेने ते जमत नाही, कारण प्रतिमा जोडली जाते तेव्हा मॉड्यूल तिच्या बाहेर असते. दोन्ही ‘एम’ असले किंवा दोन्ही ‘वाय’ असले तर काहीच बिघडत नाही, म्हणूनच ही चूक लेखकाच्या यंत्रावर महिनोन्महिने झाकली राहते आणि ‘रँडकॉन्फिग’ने पर्याय वेडेवाकडे निवडले की उघडी पडते.

अशा वेळी पहिला हात केकॉन्फिगमधल्या ‘सिलेक्ट’ या शब्दाकडे जातो, आणि माझ्या मते निम्मी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. ‘सिलेक्ट’ समोरचा पर्याय जबरदस्तीने चालू करतो, पण त्या पर्यायाला स्वतःला काय लागते ते पाहत नाही. मग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ (थेट गरजा अपूर्ण) असा इशारा येतो आणि लिंकची चूक एक मजला खाली सरकते. एका ड्रायव्हरने ‘सिलेक्ट’ आणि दुसऱ्याने ‘डिपेंड्स ऑन’ (अमुक पर्याय असेल तरच, ही अट) वापरले, तर अवलंबित्वाचे वर्तुळही तयार होऊ शकते. सीआरसी३२सारख्या, ग्रंथालयवजा पर्यायांसाठी ‘सिलेक्ट’ योग्य आहे. संपूर्ण उपप्रणालीसाठी नाही.

पण आपल्या ड्रायव्हरला पीटीपी हवेच असे नाही. असले तर वापरायचे, नसले तर कार्ड तरीही चालले पाहिजे. त्यासाठीची ओळ प्रथमदर्शनी निरर्थक वाटते: ‘डिपेंड्स ऑन पीटीपी किंवा पीटीपी नाही’. तर्कशास्त्रात हे विधान नेहमीच खरे. केकॉन्फिगमध्ये मात्र किमती तीन आहेत: ‘एन’ (बंद) म्हणजे ०, ‘एम’ म्हणजे १, ‘वाय’ म्हणजे २. ‘किंवा’ म्हणजे दोहोंतली मोठी किंमत, आणि ‘नाही’ म्हणजे २ वजा ती किंमत. पीटीपी ० किंवा २ असेल, तर उत्तर २ येते आणि ड्रायव्हरवर बंधन राहत नाही. पीटीपी १ असेल, तर त्याचा नकारही १ असतो, उत्तर १ येते, आणि ड्रायव्हरला ‘एम’च्या वर जाता येत नाही. नको असलेली तेवढी एकच जोडी गळून पडते.

याला पळवाट म्हणून सी कोडमध्ये ‘इज_रीचेबल’ (तो पर्याय इथून बोलावता येईल का, ही तपासणी) वापरले जाते. त्याने लिंक होते खरे, पण ‘वाय’ ड्रायव्हरमधून पीटीपीचा भाग गुपचूप वगळला जातो, आणि पर्याय चालू केलेला असूनही वेळेचे शिक्के (टाइमस्टँप) का मिळत नाहीत हे वापरणाऱ्याला कळत नाही. बिल्ड तुटलेला परवडला, कारण तो निदान बोलतो. पीटीपीच्या याच अडचणीसाठी २०१६ साली ‘इम्प्लाय’ (सौम्य ‘सिलेक्ट’) हा शब्द आणला गेला. पुढे त्याची पकड सैल झाली, आणि २०२१ मध्ये हेच त्रिमूल्य गणित ‘पीटीपी_१५८८_क्लॉक_ऑप्शनल’ या अदृश्य पर्यायात बांधून ड्रायव्हरांना दिले गेले.

सगळेच मॉड्यूल असेल, तर तक्रार लिंकरऐवजी ‘मॉडपोस्ट’ हा मॉड्यूल तपासणारा प्रोग्राम करतो, आणि तिथे आधी पाहायचे ते हे, की फंक्शन ‘एक्सपोर्ट_सिम्बॉल’ने निर्यात केलेले आहे का. कर्नलच्या झाडाबाहेर बांधलेले मॉड्यूल तशाच दुसऱ्या मॉड्यूलवर अवलंबून असेल, तर त्या दुसऱ्याची ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ फाइल (निर्यात केलेल्या नावांची यादी) ‘केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स’मधून दाखवावी लागते.

दुरुस्ती तपासायला पूर्ण बिल्डची वाट पाहू नका. कॉन्फिग फाइलमध्ये हाताने पीटीपी ‘एम’ आणि ड्रायव्हर ‘वाय’ करा, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (कॉन्फिग फाइल नियमांशी ताडून नव्याने लिहिणारी आज्ञा) चालवा आणि फाइल पुन्हा उघडा. पीटीपी ‘एम’च राहून ड्रायव्हरही ‘एम’ झालेला दिसला, तर ओळ काम करते आहे; तो ‘वाय’च राहिला असेल, तर लिंकरचा तोच संदेश पुन्हा येणार आहे.