मंगेशीचे अभिषेकीबुवा

(पहाट. गोव्यातलं मंगेशीचं देऊळ, सात मजली दीपस्तंभ.)

आत गाभाऱ्यात मंगेशावर अभिषेकाची धार चालू आहे. याच सेवेमुळे इथल्या नवाथे घराण्याला लोक 'अभिषेकी' म्हणू लागले, आणि या घरात १९२९ साली गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकी जन्मले. वडील कीर्तनकार. शब्दाला धक्का न लावता सूर कसा चालवायचा, हे मुलाने घरातच ऐकलं. बुवांच्या चाली ऐकताना मला ते कीर्तन सतत आठवत राहतं.

गाण्याचं शिक्षण मात्र एका घराण्यात मावलं नाही. गिरिजाबाई केळेकर, अझमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, असे कितीतरी गुरू. मुंबई आकाशवाणीवर कोकणी कार्यक्रमांना चाली लावता लावता हात बसला.

मग १९६४ साली 'मत्स्यगंधा'. नाटक वसंत कानेटकरांचं, संस्था धि गोवा हिंदू असोसिएशन, आणि गाणारे रामदास कामत, आशालता हेही गोव्याचेच. जुन्या संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोअर पडत आणि कथा तिष्ठत राही. बुवांनी पद आटोपशीर केलं. तान ठेवली, पण प्रसंगाला पेलेल एवढीच.

'कट्यार काळजात घुसली' आलं १९६७ मध्ये. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या, त्यांच्या दोन घराण्यांच्या वैराचं नाटक. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद बुवांनी दोनदा बांधलं. पंडितजींच्या घराण्यासाठी धानी रागात: शांत, एकेक अक्षर जपणारं. खाँसाहेबांसाठी सालगवराळी रागात: वेगवान, आक्रमक. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे गाऊ लागले की त्या पदातला भुंगा मध चाखत नाही, त्यावर झडप घालतो. एक शब्द न बदलता दोन स्वभाव समोरासमोर उभे राहतात, आणि भांडण नेमकं कशाचं आहे ते संवादांच्या आधी कानाला कळतं. नाट्यसंगीतात याहून मोठं काम मी तरी ऐकलेलं नाही.

दक्षिणेकडचे रागही त्यांनी असेच घरात आणले. 'हे सुरांनो, चंद्र व्हा' चारुकेशीत आहे हे ठाऊक नसताना ते गुणगुणणारी माणसं रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत भेटतील.

पुढे लोणावळ्याच्या घरी शिष्य राहून शिकले. १९९८ च्या नोव्हेंबरात बुवा गेले.

(रात्र. किनाऱ्यावरच्या एका गावाचा उत्सव, देवळापुढे मांडव.)

आज गावकऱ्यांनीच बसवलेलं 'मत्स्यगंधा' आहे. पेटीवाल्यांनी काळी चारचा सूर धरला. 'गर्द सभोंती रान साजणी…' पडदा अजून पुरता सरकलेला नाही, आणि पुढे शाली पांघरून बसलेल्या आज्यांचे ओठ हलू लागलेत.