मागेल त्याला काम आणि त्यापुढचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे खेड्यात मागेल त्याला सरकारने मजुरीचे काम देण्यासाठी, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते. नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीत वाटा उचलायचा, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले होते. कल्याणकारी राज्याचा खर्च कोण सोसणार, हे इतक्या उघडपणे सांगणाऱ्या योजना आपल्याकडे फार झाल्या नाहीत.

या योजनेचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, गांधीविचाराचा माणूस. तासगाव तालुक्यातल्या काही गावांत साठच्या दशकात त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती; खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. इतक्या माणसांना काम देता येते, हे त्या दोन वर्षांत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. कायदा १९७७ साली एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

एकमताने कसा? गांधीवाद्याला त्यात श्रमाची प्रतिष्ठा दिसली, समाजवाद्याला कामाचा हक्क. डाव्यांना शेतमजुरांची संघटना बांधायला जागा मिळाली. सरकारी पैसा उधळला जाऊ नये म्हणणाऱ्यांचेही समाधान झाले, कारण उन्हात दगड फोडायला गरज नसलेला माणूस येत नाही. दारिद्र्याचा दाखला तपासण्याची गरजच उरत नाही. बड्या बागायतदारालाही रस्ता आणि पाणी मिळणार होते. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले ते ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या, ही डाव्यांची तक्रार खरी होती. तलाव खोदणाऱ्या भूमिहीन बाईच्या हाती मजुरी तेवढी आली.

मला या योजनेचे मोल फार वाटते, म्हणूनच तिची मर्यादाही स्पष्ट सांगतो. काम मिळाले तरी जमीन मिळाली नाही. ऊसतोडीला दर वर्षी बीडहून निघणाऱ्या टोळ्या थांबल्या नाहीत. ज्याला दगड उचलता येत नाही, त्या म्हाताऱ्याला आणि अपंगाला या कायद्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना वेगळी काढावी लागली. आणि जिथे मजुरांची संघटना नव्हती, तिथे काम मागायला तहसील कचेरीत कुणी गेलेच नाही.

देशाने २००५ साली हाच विचार उचलला, पण कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घालून. मूळ महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

आता २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात येतात. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणे ही लहान गोष्ट नाही, तिला खैरात म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ही योजना शासन निर्णयाने आली, कायद्याने नाही. पुढच्याच वर्षी पडताळणी झाली आणि लाखो नावांचे हप्ते थांबले. त्यांतली काही नावे खरोखर अपात्र असतील. ज्या बाईचा हप्ता चुकून थांबला, तिच्या हातात मात्र रोजगार हमीच्या मजुरासारखे कायद्याचे कलम नाही.

अर्थात कायद्याचे कलमही आपोआप चालत नाही. कामाची मागणी नोंदवली की तारखेची पावती मिळाली पाहिजे, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. पावतीच दिली नाही, तर मुदत सुरू होत नाही आणि बेकारी भत्ता कधीच देणे लागत नाही. तुमच्या गावात कुणी कामाचा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जाणार असेल, तर त्याला एवढे सांगा: तारीख आणि शिक्का असलेली पावती घेतल्याशिवाय उठायचे नाही. नमस्कार.