घुमाणचे बाबा नामदेवजी

श्रोतेहो, नमस्कार. आपले नामदेव महाराज कुठे असतात? तुम्ही म्हणाल, पंढरपूरला, महाद्वारातल्या पायरीपाशी. शके 1272, आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांनी तिथेच समाधी घेतली. पंजाबातल्या घुमाणला हेच विचारा. तिथे बोट दाखवतील ते गावातल्याच दरबार साहिबाकडे, म्हणजे नामदेवांच्या गुरुद्वाऱ्याकडे. बाबा इथेच राहिले, इथेच देह ठेवला, असं तिथली परंपरा सांगते. यात खरं कोणाचं, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला त्यात पडायचं नाही.

घुमाण गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याच्या बाजूला. पीक म्हणाल तर गहू, ऊस आणि झोना. झोना म्हणजे आपलं भात. गंमत अशी, की पंजाबी माणूस पोटभर खातो पोळी, आणि पावसाळ्यात शेतभर लावतो भात! हरित क्रांतीनंतर सरकारी खरेदीची हमी मिळाली आणि ट्यूबवेल आल्या, तसा भात पसरला. जमिनीतलं पाणी इतकं खोल गेलं, की 2009 मध्ये लावणी लवकर करू नये म्हणून कायदाच करावा लागला.

घुमाणला बाबांची जत्रा भरते माघाच्या दुसऱ्या दिवशी. त्यांचा माघ आपल्या संक्रांतीच्या सुमाराला लागतो. गहू हिरवागार असतो, सरसों पिवळी फुललेली, शेतकऱ्याला जरा उसंत असते. मग लंगरात हात कमी पडत नाहीत. एक कणीक मळतो, दुसरा भांडी घासतो, तिसरा जोडाघरात लोकांची पायताणं सांभाळतो. पोळीला तिथे ‘परशादा’ म्हणतात, आणि तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा असतो. एक हात पुढे केलात की पाहुणे म्हणून ओळखलं जातं!

गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांत ‘बीठल’ हा शब्द वारंवार येतो. पंढरी कधी न पाहिलेला ग्रंथी, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणारा, तोही हा शब्द सहज उच्चारतो. एप्रिल 2015 मध्ये आपलं 88वं मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं. अध्यक्ष होते सदानंद मोरे. संमेलनाला आलेल्या कितीतरी मराठी माणसांना गावकऱ्यांनी आपल्या घरी उतरवून घेतलं. तेव्हा गहू कापणीला आला होता, बरं का!

तर जायचं झालं, तर या जत्रेला जा. धुकं दाट असतं, गाड्या उशिरा धावतात. घोंगडी मात्र विसरू नका.