आज की शेवटल्या दिवशी?

मंडळी, मृत्यूनंतर काय, या विषयावर बोलायला बोलावलं की वक्त्याला जरा हायसं वाटतं. ‘तुम्हाला प्रत्यक्ष अनुभव किती?’ असं श्रोत्यांतून कुणी विचारत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मेल्यावर काय होतं? चांगला माणूस स्वर्गात आणि वाईट नरकात, एवढं आपण ऐकून असतो. त्यात मुख्य गोष्टच राहून जाते. प्रेषितांचा म्हणून जो विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, चर्चमध्ये म्हणतात, त्याच्या शेवटी ‘देहाचे पुनरुत्थान’ येतं. अमर आत्म्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. आपण गीता ऐकत वाढलेली माणसं. देह म्हणजे जीर्ण वस्त्र, टाकलं आणि पुढे गेलो. इथे देवाला ते वस्त्रही परत हवं आहे!

आता खरी अडचण बघा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा मित्र लाजरस मरून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, शेवटल्या दिवशी, म्हणजे जगाच्या अंती न्यायाच्या वेळी, तो उठेल हे मला ठाऊक आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराला येशू सांगतो, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ आज की शेवटल्या दिवशी? आणि मधल्या काळात माणूस असतो कुठे? ख्रिस्ती पंथांमधली निम्मी भांडणं या मधल्या काळावरून झाली आहेत, असं माझं मत आहे.

एकदा तर खुद्द पोपच यात अडकले. 1331 मध्ये, सर्व संतांच्या सणाला, पोप तेव्हा राहत असत त्या आव्हीन्यों इथे बाविसाव्या जॉननी प्रवचनात सांगितलं की अंतिम न्यायापर्यंत संतांच्या आत्म्यांनाही देवाचं साक्षात दर्शन होत नाही. गहजब झाला. पॅरिसचे धर्मपंडित खवळले, फ्रान्सचा राजाही चिडला. साहजिकच होतं. संत अजून देवापाशी पोहोचलेच नसतील, तर त्यांच्यापुढे मेणबत्ती लावून ‘आमच्यासाठी रदबदली कर’ म्हणायचं कशाच्या जोरावर? 1334 च्या डिसेंबरात मृत्युशय्येवर जॉननी माघार घेतली. त्यांच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी 1336 मध्ये निकाल दिला: शुद्ध झालेल्या आत्म्याला देवदर्शन लगेच, न्यायदिनाच्या आधीच.

आणि जो पुरता शुद्ध झालेला नाही, तो? त्याच्यासाठी कॅथलिकांत शुद्धीस्थान आहे. याला पुष्कळ जण छोटा नरक समजतात. तसं नाही; तिथे पोहोचलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार असतो, फक्त उशिरा. हा उशीर कमी व्हावा म्हणून मागे राहिलेले मृताच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतात. 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस; त्याच्या आसपास वसईच्या किंवा मुंबईच्या कुठल्याही कॅथलिक दफनभूमीत जा. कबरी धुऊनपुसून, रंगवून तयार, त्यांवर फुलं, मेणबत्त्या, आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत फिरताहेत.

प्रोटेस्टंटांनी हे सगळं नाकारलं. 1517 मध्ये जर्मन धर्मगुरू मार्टिन लूथर उठला तो पापदंडमाफीच्या, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याच्या, बाजारावरून. पुढे शुद्धीस्थानही गेलं. अहमदनगरला आलेले अमेरिकन मिशनरी हीच परंपरा घेऊन आले. त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजातच अंत्यविधीच्या प्रार्थना दोन तऱ्हेच्या ऐकू येतात. कॅथलिक फादर मृतासाठी मागतात: याला क्षमा कर, चिरशांती दे. प्रोटेस्टंट पाळक मृताच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि सांत्वन मागतात ते घरच्यांसाठी. ख्रिस्तवासी झालेल्यासाठी आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी त्यांची श्रद्धा.

देह उठणार म्हणून देह पुरायचा, ही जुनी रीत. युरोपात चर्चविरोधी मंडळींनी दहनाचा हिरिरीने प्रचार केला, तेव्हा 1886 मध्ये रोमने दहनावर बंदी घातली. ती 1963 मध्ये उठली. तरी 2016 मध्ये व्हॅटिकनने बजावलं: राख पवित्र जागी ठेवा, हवेत उधळू नका, पाण्यात सोडू नका. मुंबईत तर पुरायलाही जागा नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात.

जळालेला देह उठणार कसा, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून उत्तर दिलं होतं: पेरता ते बी, उगवतं ते रोप, तोच देह, पण तसाच नव्हे. धर्मचिंतक संत ऑगस्टीन याच्याही पुढे गेला. नरभक्षकाने माणूस खाल्ला, तर पुनरुत्थानात ते मांस कुणाचं? तो म्हणतो, ज्याचं आधी होतं त्याला परत मिळेल. खाणाऱ्याने ते उसनं घेतलं होतं असं समजा. पाचव्या शतकातला एवढा मोठा बुद्धिमान माणूस यावर शाई खर्च करतो, कारण देह उठणार हे त्याला अक्षरशः खरं वाटत होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.